अरुंद मानेची धाकटी

मी एक जुनी मेंडोलिन आहे आणि माझी मान अरुंद आहे. मित्रांनो, मानेची गोष्ट मी पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण कुंभकोणमला आल्यापासून मला हातात घेणारा जो तो आधी तेच बोलतो. "काय ही मान! बोटं ठेवायची कुठं?" जणू मी ती हौसेनं आवळून घेतली आहे! आपल्या बोटांच्या जाडीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पोटाला हलकं पिवळसर लाकूड, मानेला तांबूस जड लाकूड, मानेवर पितळी पडदे आणि चार जोड्यांच्या मिळून आठ तारा. मान जिथं डोक्याला मिळते तिथं हाडाची एक बारीक पट्टी असते. तिच्यावर आठ खाचा कोरलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेतून एकेक तार खुंटीकडे जाते. आमच्याकडचे वादक वीणेच्या सवयीनं त्या पट्टीला मेरू म्हणतात. वाद्य घ्यायला येणारे लोक पोट वाजवून बघतात, रंगाची चकाकी बघतात. मेरूकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण मेरू रुंद असेल तर तारा ऐसपैस बसतात, अरुंद असेल तर दाटीवाटीनं, आणि वाजवणाऱ्याचं सगळं सुखदुःख तिथंच ठरतं.

आमच्या कारखान्यात आधी रुंद मानेची वाद्यं होत. मग कुणाच्या तरी मनात आलं, साचा बदलला आणि माना निमुळत्या झाल्या. त्या बदलाच्या आधी झाली ती थोरली, आणि नंतर झाले ती मी. दोघींचा रंग तोच, पोटाचा आकार तोच, खुंट्यांची पांढरी टोकंसुद्धा तीच. शेजारी ठेवलं तर सख्ख्या बहिणीच. फरक होता तो फक्त मानेच्या रुंदीत, आणि तोसुद्धा तांदळाचे दोन दाणे शेजारी ठेवले तर भरेल एवढाच. आमच्या कावेरीकाठी पिकतो तो बारीक तांदूळ बरं का, तुमचा जाडा नव्हे.

थोरलीला मद्रासेतून इकडे आणलं ते नरसिंहरावांनी. तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी त्यांचे पूर्वज आले होते म्हणे. राजे गेले, दरबार गेला, पण घरातली मराठी राहिली. जुनी, तमिळमध्ये भिजलेली आणि तुमच्याकडून येणाऱ्या पाहुण्यांना गमतीची वाटणारी. नरसिंहराव सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांच्या लेकीला, राजेश्वरीला, थोरली काही झेपेना. तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून मला शोधून आणलं. मला मांडीवर घेतल्यावर राजेश्वरीनं पहिल्याच दिवशी सगळ्या जोड्यांवरून बोटं फिरवली आणि हसली. त्या दिवसापासून थोरली आणि धाकटी ही आमची नावं पडली.

मग माझे चांगले दिवस आले. विठ्ठलाच्या भजनमठात दर एकादशीला राजेश्वरी मला घेऊन बसायची. अभंग तिकडचा, चाल इकडची आणि मध्ये माझ्या तारा. लोक म्हणायचे, "राजेश्वरीची धाकटी वाजली कीं टाळकरीही हळूं होतात." मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण सुख कुणाला जन्माला पुरलं आहे? राजेश्वरीच्या बोटांचे सांधे धरले. नरसिंहराव गेले. थोरली गेली नाचियारकोविलला, रविशंकरकडे. हा रविशंकर म्हणजे राजेश्वरीच्या भावजयीचा, श्रीविद्याचा, धाकटा भाऊ. तिथं तो समया घडवून विकतो. त्याची बोटं केळ्यासारखी जाड, त्याला ऐसपैस मानच हवी. माझ्यासारखी चिंचोळी कुणाला नको होती. मला कपाटावर टाकलं. माझ्या पोटात पालीनं अंडी घातली, पावसाळ्यात तारांना गंज चढला, आणि कितीतरी नवरात्रं मी खालच्या माणसांचे आवाज ऐकत काढली.

मला खाली उतरवलं ते नंदितामुळे. तिचीच ही गोष्ट आहे, मित्रांनो.

नंदिता ही राजेश्वरीचा भाऊ व्यंकटेश आणि श्रीविद्या यांची मुलगी. सातवीत शिकते. तिच्या डाव्या हाताची करंगळी जन्मापासून अर्धीच आहे. लिहायला, जेवायला, गजरा ओवायला तिचं काही अडत नाही. पण तिला वाजवायचं होतं. मामाची थोरली मांडीवर घेऊन ती तासन् तास बसायची. गेल्या विजयादशमीला तिला मठात चंद्रमौळी सारांकडे, तुमच्या भाषेत सरांकडे, नेलं. अर्ध्या गावाला वाद्य शिकवलेला हा माणूस कडक आहे. मुलं त्यांच्यासमोर शिंकसुद्धा गिळतात. नंदितानं थोरलीवर एक सोपी चाल वाजवायला घेतली. तीन बोटं नीट पडली, पण सगळ्यांत जाड तारांची जोडी लांब, पलीकडच्या काठाला. तिथवर करंगळी गेली, अर्धवट टेकली आणि तार खडखडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खडखडली.

सारांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "करंगळी पोंचत नाहीं तेथें स्वर कैसा पोंचेल?" ते म्हणाले. "पोरीस गाणें शिकवा. वाद्य हिचें काम नव्हे."

राजेश्वरी आत्या तिथंच बसली होती. ती म्हणाली, "सार, एक वरीस द्या मज. पुन्हा एक वेळ ऐका."

"सरी, बरें," सार म्हणाले. "येत्या विजयादशमीस ऐकतों. एकच वेळ. मग पुन्हा पुसूं नका."

घरी आल्याबरोबर आत्यानं स्टूल घेतलं आणि मला कपाटावरून काढलं. पालीची अंडी झटकली, नव्या तारा चढवल्या आणि मला नंदिताच्या मांडीवर दिलं. करंगळी निघाली, जाड जोडीवर पोचली आणि नीट टेकली. तांदळाच्या दोन दाण्यांएवढाच तर फरक! पण त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खरं सांगते, मलाही भरून आलं. इतकी वर्षं ज्या मानेवरून मी बोलणी खाल्ली, तीच मान कुणाला तरी हवी होती.

वर्षभर आम्ही दोघींनी मेहनत केली. आत्या समोर बसून तोंडानं शिकवायची, तिची बोटं वळत नव्हती. विजयादशमी जवळ आली तेव्हा नंदिता ती चाल झोपेतही वाजवेल अशी तयार झाली होती. मी निर्धास्त होते.

आणि तिथंच घोटाळा झाला.

तुमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ना? आमच्याकडे त्याच दिवशी सरस्वतीपूजा असते. पुस्तकं, वह्या, वाद्यं, हत्यारं सगळी देवीपुढे मांडतात. गंध-कुंकू लावतात, फुलं वाहतात. मग त्या दिवशी वाचायचं नाही, वाजवायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा करून सगळं उचलायचं आणि शिकायला नव्यानं सुरुवात करायची.

पूजेच्या आदल्या दिवशी श्रीविद्यानं चिंचेचं पाणी करून घरातल्या सगळ्या समया घासायला काढल्या. तेवढ्यात रविशंकर मामा थोरलीला काखेत मारून बसनं आला. "अक्का, हीही पुसून दे. तुझ्या हाताचें तेज येतें," असं म्हणून कॉफी प्यायला बसला. आत्या मठातल्या नवरात्राच्या बाहुल्यांची आरास नीट करायला गेली होती, नंदिता शाळेत. श्रीविद्याची नुसती धांदल उडाली होती. तिनं आम्हा दोघींच्या तारा उतरवल्या. तारांचा दाब गेला की आमचा मेरू सैल होतो. दोन्ही मेरू निघून आले. वर्षावर्षाचा मळ बसून ते काळवंडले होते. तिनं काय करावं? दोन्ही उचलले आणि समयांच्याच ताटात चिंचेच्या पाण्यात टाकले.

पांढरे स्वच्छ झाले खरे. पण ताटातून काढताना ते अदलाबदल झाले.

माझ्या मानेवर थोरलीचा रुंद मेरू बसला तेव्हा मी आतल्या आत किंचाळले. दोन्ही बाजूंनी तो तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर डोकावत होता. तारा चढल्या आणि दोन्ही काठांच्या तारा मानेच्या अगदी कडेवर, गच्चीच्या कठड्यावर पोर बसावं तशा बसल्या. श्रीविद्या म्हणाली, "सुरांत मागाहून आणूं," आणि मला पूजेच्या पाटावर नेऊन ठेवलं. पाटावर गेलेलं वाद्य पूजा उतरेपर्यंत कुणी उचलत नाही. थोरली माझा मेरू घेऊन नाचियारकोविलच्या बसमध्ये बसली. जाताना तिनंही माझ्याकडे पाहिलं असणार. पण आम्हाला तोंड नाही, मित्रांनो. कुणी छेडल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, आणि आता तर छेडायलाच बंदी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. माझ्या मानेवर गंधाचा जाड ठिपका, वर कुंकू आणि मेरूवर नेमकं जास्वंदीचं फूल. बाहेर डोकावणारी टोकं त्या फुलाखाली झाकली गेली. माझ्या एका बाजूला नंदिताची गणिताची वही, दुसऱ्या बाजूला व्यंकटेशची कानस आणि पक्कड. अंगणात त्याची स्कूटर फुलांच्या माळा आणि केळीचे कोंब लेवून उभी होती. आत्यानं दुरून मला नमस्कार केला. मी मनात म्हणत होते, अगं, फूल बाजूला कर, एकदा नीट बघ! पण पूजेतल्या वाद्याला कोण हात लावतं?

नंदितानं लावला.

दुपारी सगळी जेवून आडवी झाली होती. ती पायांचा आवाज न करता आली आणि पाटासमोर बसली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. उद्याच्या भीतीनं तिला राहवत नव्हतं. तिला वाजवायचं नव्हतं. फक्त बोट टेकवून बघायचं होतं, करंगळी पोचते ना, एवढंच. तिनं हात लांब केला आणि पहिल्या तारेवर बोट दाबलं.

तार कडेवरून घसरली आणि मानेखाली लोंबली.

नंदिता दगडासारखी बसली. तिनं घाईघाईनं तार पुन्हा वर ठेवली, फूल सारखं केलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. तिच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं. देवी कोपली. पूजेत असताना हात लावला म्हणून सरस्वतीनं वाद्य बिघडवलं. आता हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर हात का लावलास म्हणून बोलणी, आणि न सांगावं तर उद्या सारांसमोर तीच तार तशीच घसरणार. मित्रांनो, मोठी माणसं म्हणतात की लहानांना काळज्या नसतात. त्यांनी त्या दुपारी त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होता.

संध्याकाळी नैवेद्याचं सुंडल आलं. हरभऱ्याचं, वर ओलं खोबरं, तिच्या आवडीचं. तिनं खाल्लं नाही. "भीत आहे उद्यां म्हणून," श्रीविद्या म्हणाली. मी देवीपुढे पडून राहिले. तिथं बसलेल्या देवीची मूर्ती माझ्याहून लहान होती आणि मला ती मुळीच रागावलेली दिसत नव्हती.

विजयादशमी उजाडली. व्यंकटेशनं पुन्हा पूजा केली, आरती झाली. "घे गे तुझी धाकटी," तो म्हणाला. मठात लवकर पोचायचं होतं. नंदिता जागची हलली नाही. हात पाठीमागेच.

आत्यानं ते हात पाहिले. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय जालें?"

"मी काल हात लाविला, आत्या. पूजेंत असतां. सरस्वती कोपली. तार खालीं पडते." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. व्यंकटेशचा चेहरा उतरला. श्रीविद्यानं तोंडावर हात घेतला. कुणी रागावलं नाही.

आत्यानं मला उचललं. फूल काढलं, पदरानं गंध पुसलं आणि सुजलेला अंगठा माझ्या मानेच्या कडेवरून वर सरकवत नेला. मेरूपाशी येऊन तो अडला. तिनं दुसऱ्या कडेवरून तसाच नेला. तिथंही अडला. हीच मान तिनं किती वर्षं हातात धरली होती!

"हा मेरू हिचा नव्हे," ती म्हणाली. "श्रीविद्या, दोन्ही मेरू एकाच ताटांत घातलेंस काय?"

"समयांच्या ताटांत," श्रीविद्या म्हणाली. "मज ते एकसारखेच दिसले."

"देवी कोपली नाहीं गे, वेडे," आत्या नंदिताला म्हणाली. "चिंचेच्या पाण्याचें काम हें."

पण कारण कळलं म्हणून मान काही रुंद होत नाही. घड्याळ पुढे चाललं होतं. सार मठात मुहूर्त संपेपर्यंतच ऐकत. व्यंकटेशनं पाटावरची कानस उचलली. "बाहेर आलेलें घांसून टाकतों. थोडक्यांत होईल."

"बाजू घांसून काय होणार?" आत्या म्हणाली. "खाचा आंत सरकतील काय? तारा आहेत तेथेंच राहतील. वर थोरलीचा मेरूही फुकट जाईल." कानस खाली आली. माझा जीवही तेव्हा जागेवर आला.

श्रीविद्यानं भावाला फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. मग तिला आठवलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "त्याणें फोन पूजेंत ठेविला असेल. समयांचीं गिऱ्हाइकें सारीं फोनवर. तेंच माझें हत्यार, म्हणतो. पूजा होईतों उघडणार नाहीं."

म्हणजे माझा मेरू तिकडे नाचियारकोविलमध्ये थोरलीच्या मानेवर, आणि मामाचा फोन गंध-कुंकू लावून देवीपुढे झोपलेला. बसनं जाऊन यायला वेळ नव्हता. नंदिता रडायची थांबली होती, पण ते जास्त वाईट होतं. ती नुसती बघत होती, सगळं संपल्यासारखं.

आत्या मला मांडीवर घेऊन बसली. काठाच्या तारा तिनं बोटानं चाचपल्या, मग त्यांच्या आतल्या जोडीदार तारा. आणि एकदम म्हणाली, "आठ नक्कोत. सहा पुरेत. पहिली आणि शेवटली काढून टाकूं. आंतल्या मानेवर आहेत." तिच्या बोटांना खुंट्या फिरवणं जमत नव्हतं. "ये, फिरव."

"मी नाहीं हात लावणार."

"नंदिता." आत्याचा आवाज कडक झाला. "सरस्वती वाद्य वाजविल्यानें कोपत नाहीं. बेगीन ये."

ती आली. तिनं खुंटी धरली. एका काठाची तार उतरली, मग दुसऱ्या काठाची. दोन तारांचा ताण गेल्याबरोबर आधीच सुरात नसलेल्या उरलेल्या सहा आणखी बेसूर झाल्या. त्या सुरात आणता आणता व्यंकटेश बाहेर स्कूटर सुरू करून हॉर्न वाजवत होता. आत्या शेवटचं एवढंच म्हणाली, "पातळ तार आतां एकटी आहे आणि काठाशीं आहे. ओढायची ती आंतच ओढ. बाहेर नक्को. बाहेर ओढलीस कीं गेली."

आणि मित्रांनो, अडचण नेमकी तीच होती. कारण स्वर चढवायला तार बाजूला ओढताना नंदिताची सवय बाहेर ओढायची होती. वर्षभराची सवय.

केळीचे कोंब फडफडवत आम्ही मठात पोचलो. तिथं लहान पोरं आयांच्या मांडीवर बसून परातीतल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवत होती. चंद्रमौळी सार खांबाला टेकून बसले होते. त्यांनी नंदिताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मानेकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बैस," ते म्हणाले.

मागून रिक्षानं आत्या आणि श्रीविद्या आल्या. नंदितानं नखी धरली आणि सुरुवात केली. पहिल्या ओळी मधल्या जोड्यांवर होत्या, त्या छान गेल्या. पण काठाच्या तारा एकेकट्या, त्यांचा आवाज उघडा पडत होता. जोडीनं बोलायची सवय असलेल्या माणसाला एकट्यानं बोलावं लागलं की कसं होतं, तसं मला होत होतं. मग जाड तार आली. करंगळी निघाली. मेरूनं तारा फाकवल्या होत्या, पण बाहेरची काढल्यामुळे उरलेली जवळ होती. करंगळी पोचली, टेकली आणि स्वर स्वच्छ निघाला. सारांची आठी तशीच होती.

पुढच्या ओळीत पातळ तार ओढायची जागा होती. नंदिताचं बोट गेलं आणि सवयीनं बाहेर वळलं. तार सरकली. पडद्याच्या टोकाशी आली. आणखी एक केसभर, आणि संपलं असतं. मला दात असते तर मी ती तार दातांत धरली असती! आणि नंदिताचं बोट थांबलं, वळलं आणि तीच तार आत ओढली गेली. स्वर थोडा उशिरा चढला, पण चढला. नंतरच्या प्रत्येक वेळी तिनं ती आतच ओढली. चाल पुरी झाली.

सार पुढे झुकले आणि माझ्या मोकळ्या खुंट्या पाहिल्या. परातीजवळचं एक पोर अक्षर मोडून तांदूळ उधळत होतं.

"दोन तारा कोठें गेल्या?" सारांनी विचारलं.

नंदितानं आत्याकडे पाहिलं नाही. तिनं सगळं सांगितलं. मेरू बदलल्याचं, तार घसरल्याचं, आणि पूजेत असताना आपण हात लावल्याचंही. ते ती गाळू शकली असती. मला वाटलं, झालं, आता हा कडक माणूस हिला उठवणार.

सारांनी हात पुढे केला. "इकडे आण."

त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तीच ओळ वाजवायला घेतली. त्यांचं बोट काठाच्या एकट्या तारेवर पडलं आणि अरुंद मानेच्या कडेबाहेर निसटलं. मी खडखडले. त्यांनी बोट उभं करून पाहिलं. पुन्हा खडखडले. गावात अर्ध्या लोकांना शिकवलेला तो हात माझ्या मानेवर जागा शोधत राहिला आणि त्याला ती मिळाली नाही. गेल्या वर्षी याच मठात थोरली जशी खडखडली होती, अगदी तसाच आवाज. तो आवाज त्यांनाही ओळखू आला असणार, कारण त्यांनी हात थांबवला आणि मला हळूच खाली ठेवलं.

"गेल्या वर्षीं मी हिचा हात पाहिला," ते आत्याला म्हणाले. "मान पाहिली नाहीं."

एवढंच बोलले. माफी वगैरे काही नाही. पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

तेवढ्यात दारात गलका झाला. रविशंकर मामा थोरलीला छातीशी धरून घामाघूम होऊन आत आला. शर्टाच्या खिशात फोन आणि फोनवर अजून कुंकवाचा ठिपका. "अक्का, काय केलेंस हिला? पूजा करून घेतली, वाजवूं गेलों, तर साऱ्या तारा मधें दाटल्या! माझें एक बोट आठ तारांवर पडतें!" आणि मग त्याला कळलं की सगळा मठ त्याच्याकडे बघून हसतो आहे. श्रीविद्या हसता हसता रडत होती.

आत्यानं दोन्ही मेरू काढले आणि ज्याचा त्याला दिला. खुंट्या नंदितानं फिरवल्या. माझा मेरू माझ्या मानेवर बसला, आठही तारा आत आल्या आणि मी मोठा श्वास घेतला. नंदिता मला उचलून नमस्कार करून निघायला लागली, तेव्हा सार म्हणाले, "कोठें चाललीस? बैस. आज विजयादशमी. धडा आजच आरंभ होतो."

ती बसली. मला मांडीवर घेतलं. करंगळी माझ्या मानेवर ठेवली.

मित्रांनो, आता माझ्यावर कुणी धूळ बसू देत नाही. दर आठवड्याला नंदिता मला कोरड्या मऊ फडक्यानं पुसते. चिंचेचं पाणी मात्र या घरात समयांपुरतंच उरलं आहे. तुमच्या घरातही एखादं जुनं वाद्य कपाटावर पडलं असेल. त्याला उतरवा, त्याची मान एकदा अंगठ्यानं चाचपून बघा. दोन वाद्यांचे भाग एका ताटात कधी घालू नका. आम्ही सारख्या दिसत असलो तरी सारख्या नसतो.

आणि एक मागणं आहे. कुणाचा हात बघून "हा वाजवायचा नाही" असं म्हणायची घाई करू नका. त्या हाताला आधी दुसरी मान देऊन बघा. कदाचित ती तुमच्याच कपाटावर, पालीची अंडी पोटात घेऊन, खालच्या आवाजांकडे कान लावून पडलेली असेल.